प्रश्न उद्या सकाळी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका व्यसनविरोधी फेरीचं छायाचित्र आलं होतं. पुढे खुर्च्यांवर सात-आठ मोठी माणसं आणि त्यांच्यामागे उन्हात फलक धरून उभी असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं. खालच्या ओळीत खुर्च्यांवरच्या सगळ्यांची नावं होती. मुलांसाठी 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग' एवढे तीन शब्द. ते वाचल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. लांबलं तर क्षमा करा, पण कापाकापी करायचीच असेल तर माझी वाक्यं कापा, मुलांची नको.

मी बत्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली एकोणीस वर्षं अपघात विभागात. निवृत्त झाल्यावर एका शाळेतून बोलावणं आलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी मिळून एक गट केला होता. नशा आणि नशेत गाडी चालवणं याविरुद्ध त्यांना काम करायचं होतं, आणि कुणीतरी 'प्रत्यक्ष पाहिलेलं' माणूस हवं होतं. दोन वर्षं झाली, मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जाते.

पहिल्या दिवशी मी फोटो घेऊन गेले होते. चेहऱ्यावरचे टाके, चुरगळलेली वाहनं, पायातल्या सळया. पोरं घाबरली की सुधारतील, अशी माझी समजूत होती. अर्धा तास मी बोलले. सगळे शांत. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सिस्टर, असे फोटो आम्हाला दर वर्षी कुणी ना कुणी दाखवतं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आम्ही काही विचारू का?"

आणि त्यांनी विचारलं. मित्र पिऊन पडला तर त्याला झोपू द्यायचं की उठवायचं? कॉफी दिली तर उतरते का? रुग्णवाहिका बोलावली तर त्याच्या घरी कळेल का? गांजा ओढलेला माणूस हळू गाडी चालवतो म्हणे, मग त्याच्यामागे बसलं तर चालेल का? बोलावणाऱ्याचं नाव लिहून घेतात का?

मी थक्क झाले. एकोणीस वर्षांत यातला एकही प्रश्न मला घटनेच्या आधी कुणी विचारला नव्हता. घटनेनंतर मात्र स्ट्रेचरच्या बाजूला उभं राहून रडत रडत अनेकांनी विचारला होता.

त्या दिवशी फोटो पिशवीत परत गेले आणि आम्ही वर्गातल्या फरशीवर बसलो. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला उताणं ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं. वरचा गुडघा दुमडायचा, गालाखाली हात द्यायचा आणि तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवायचं, म्हणजे उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जात नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. हाका मारून, हलवूनही तो जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवायची, आणि डॉक्टरांना काय आणि किती घेतलं ते खरं सांगायचं. 'झोपला की उतरेल' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही ते ऐकलं तर हात थंड पडतात. पोटातली दारू पुढेही रक्तात उतरतच असते. पिणं थांबवल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढत जातं. झोपलेला मित्र 'शांत झालाय' असं बाकीच्यांना वाटत असतं, तेव्हाच त्याची अवस्था बिघडत असू शकते.

मुलांनी आळीपाळीने एकमेकांना कुशीवर वळवलं. हसत-खिदळत सुरू झालं, मग हसणं थांबलं. एक मुलगा पुन्हा पुन्हा तेच करून बघत होता. का, ते मी विचारलं नाही.

आता आपल्याकडच्या काही वाचकांचं म्हणणं मला माहीत आहे, पत्रांच्या स्तंभात ते येतच असतं: मुलांना काय कळतंय, शिक्षा कडक करा, पोलीस वर्गात पाठवा. कायदा हवाच. जागतिक आरोग्य संघटनेने चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आणि तरुण, नवशिक्या चालकांसाठी २० मिलिग्रॅमच, अशी शिफारस केली आहे. नवख्या हातांना थोडीशी दारूही जास्त महागात पडते, हे मी टेबलावर पाहिलेलं आहे. पण नुसतं वर्गात येऊन वरून सांगण्याचं काय होतं, याचा एक मोठा अनुभव जगाच्या गाठीशी आहे, आणि तो मला या मुलांनीच वाचून दाखवला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस अधिकारी शाळेत येऊन अमली पदार्थांविरुद्ध धडे द्यायचे. तो अमेरिकेतल्या हजारो शाळांत पसरला, पालकांना आवडला. पुढे अभ्यासकांनी ते धडे घेतलेली आणि न घेतलेली मुलं ताडून पाहिली, तेव्हा व्यसनाच्या बाबतीत दोन्हींत टिकाऊ फरक जवळजवळ दिसलाच नाही.

दुसरा अभ्यास २००५ चा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तिघांनाही संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. एकटं असताना आणि मित्र बघत असताना असं दोन प्रकारे. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती; प्रौढांवर मात्र मित्रांच्या असण्यानसण्याचा विशेष फरक पडला नाही. हे वाचून मी म्हटलं, बघा, संगतच वाईट. गटातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा म्हणाला, "मग आम्ही शेजारी बसून 'थांब' म्हटलं तर तेही त्याला जास्त ऐकू येईल ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या क्षणापासून त्यांचं ऐकायचं असं मी ठरवलं.

त्यांनी काय काय केलं, त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगते. त्यांनी शाळेत निनावी चिठ्ठ्या भरून घेतल्या. दोनच प्रश्न: गेल्या महिन्यात तू दारू किंवा दुसरी कसली नशा केलीस का, आणि तुझ्या मते तुझ्या वर्गातल्या किती जणांनी केली असेल? आकडे शाळेबाहेर सांगायचे नाहीत असं त्यांनी ठरवलंय, म्हणून मीही सांगत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पहिल्याच्या कितीतरी पुढे होती. 'सगळेच घेतात' असं प्रत्येकाला वाटत होतं आणि खरं घेणारे थोडे होते. वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांबद्दल नेमकं हेच दाखवून दिलं होतं. मुलांनी आपल्या शाळेचा निकाल हातानं लिहून फळ्यावर लावला. उपदेशाचा एक शब्दही त्यावर नव्हता. चिठ्ठ्या त्यांच्याच होत्या, म्हणून त्या फळ्यावर कुणी अविश्वास दाखवला नाही. तेच मी लावलं असतं तर पोरं म्हणाली असती, सिस्टरनी बनवलंय.

मग मैदानावरचा प्रयोग. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मुलांनी मोजपट्टीनं १७ मीटर मोजून चुन्याची रेघ मारली: समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागला तर ब्रेक लागण्याआधीच गाडी इथवर येते. मग म्हणाले, नशेत अर्धाच सेकंद उशीर झाला असं धरू. अजून आठ मीटर. दुसरी रेघ. मग लहान वर्गातल्या मुलांना त्या दोन रेघांमध्ये उभं केलं. ओळीनं, दाटीवाटीनं. सत्तावीस मुलं मावली. कुणी भाषण केलं नाही. माझे फोटो ज्यांना आठवत नाहीत, त्यांना ती सत्तावीस मुलं आठवतात.

सकाळचा हिशेबही त्यांचाच. शरीर रक्तातलं अल्कोहोल साधारणपणे तासाला १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. ते यकृताचं काम आहे. कॉफी, गार पाणी, व्यायाम यांनी त्याचा वेग वाढत नाही. रात्री एकला ज्याच्या रक्तात १५० आहे, त्याच्या रक्तात सकाळी सातला साधारण ६० शिल्लक असते. म्हणजे अंघोळ करून, भांग पाडून, स्वच्छ कपडे घालून कामावर निघालेला माणूस ५० च्या मर्यादेच्या वरच असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. हा हिशेब मुलांनी घरी नेला. काही घरांत तो आवडला नाही, असं कळलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

१९८१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड इथल्या शाळेत हॉकी खेळणारी दोन मुलं वेगवेगळ्या अपघातांत गेली. त्यांचे प्रशिक्षक रॉबर्ट अनास्तास यांनी विद्यार्थ्यांबरोबर मिळून एक संघटना काढली. नाव 'सॅड', म्हणजे 'स्टुडंट्स अगेन्स्ट ड्रायव्हिंग ड्रंक'. सुरुवातीला ती दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध होती; १९९७ मध्ये नाव बदलून तिने इतर घातक निर्णयांचाही विषय हाती घेतला. तिच्या कामाचा गाभा होता एक साधा कागद, मूल आणि पालक यांच्यातला करार. मूल लिहून देतं: मी प्यायलो असेन किंवा मला घेऊन येणारा प्यायला असेल, तर कुठूनही, कितीही वाजता मी तुम्हाला फोन करीन. पालक लिहून देतात: मी येईन, त्या वेळी एकही प्रश्न विचारणार नाही, वाद घालणार नाही, बोलायचं ते नंतर बोलू. आणि शेवटी पालक असंही लिहून देतात की मी स्वतः प्यायलो असेन तर मीही गाडी चालवणार नाही.

आमच्या मुलांनी हा कागद आपल्या शब्दांत लिहिला. त्याला नाव दिलं 'प्रश्न उद्या सकाळी'. आणि पालकांची सभा बोलावली.

सभा वादळी झाली. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "ही तर पिण्याची परवानगीच झाली." एक आई म्हणाली, माझी मुलगी अशा ठिकाणी जाणारच नाही, मी सही कशाला करू? खरं सांगते, माझाही जीव त्या गृहस्थांच्या बाजूनं ओढ घेत होता. एवढं सगळं पाहिलेल्या बाईला मुलाला 'फोन कर, ओरडणार नाही' असं आधीच लिहून देणं जड जातं. व्यासपीठावरून एका मोठ्या माणसानं तडजोड सुचवली: मुलांचा भाग ठेवा, पालकांचं शेवटचं कलम काढा, त्यानं गैरसमज होतील. सूत्रसंचालन करणारी मुलगी सोळा वर्षांची. ती शांतपणे म्हणाली, "ते काढायचं असेल तर बाकीचा कागदही परत द्या." त्या दिवशी थोड्याच सह्या झाल्या. बरेच पालक कागदाची घडी घालून, विचार करतो म्हणत निघून गेले.

त्या रात्री मी माझ्या मुलाला फोन केला. तो आता चौतीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःची लेक आहे. मी विचारलं, "तू सतरा वर्षांचा असताना कधी पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे बसला होतास का?" बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दोनदा."

मी विचारलं, "मला फोन का नाही केलास? मी रात्रपाळीला जागीच असायचे. कुणाला तरी पाठवलं असतं."

तो म्हणाला, "आई, तू रोज घरी येऊन सांगायचीस आज कोण आलं, कुणाचं काय झालं. आणि म्हणायचीस, माझ्या पोटच्या पोरानं असं केलं तर त्याचं तोंड बघणार नाही. मला अपघाताची भीती कमी वाटायची. तुझी जास्त वाटायची."

संपादक महाशय, अपघात विभागात मी मुलींना, मुलांना हेच म्हणताना ऐकलं होतं. मोडलेल्या मांडीला आधार लावताना एक मुलगी मला म्हणाली होती, "तो प्यायलाय हे मला माहीत होतं, पण घरी फोन केला असता तर बाबांनी मारलं असतं." तेव्हा मी तिच्या बाबांना मनातल्या मनात दोष दिला होता. त्याच वेळी माझ्या घरात माझा मुलगा तोच विचार करत होता, आणि तो दोन्ही वेळा धड घरी आला यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मुलांना सांगितलं. मुलाची परवानगी घेऊनच. त्यांनी कागदात एक बदल केला. पालकांव्यतिरिक्त आणखी एका मोठ्या माणसाचं नाव लिहायला जागा ठेवली: काका, आत्या, शेजारी, शिक्षक, जो कुणी रात्री दोनला फोन उचलेल तो. कारण काही घरांत दारू पिणारा माणूस हाच बाप असतो, आणि त्या मुलानं फोन कुणाला करायचा, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. त्यांच्यातल्या एकाच्या मनात आला. सध्या सात घरांतल्या मुलांसाठी माझा नंबर त्या जागी आहे. फोन रात्री उशाशी ठेवते. आतापर्यंत दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी गेले, गाडीत काही बोलले नाही, आणि न बोलणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. घर येईपर्यंत जीभ दाताखाली धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी दोघंही आपण होऊन आले आणि आम्ही भरपूर बोललो.

कागदाने व्यसन सुटतं असा माझा दावा नाही. ज्याला सवय लागली आहे त्याला डॉक्टर हवा, समुपदेशक हवा, तिथे मुलांच्या गटावर भार टाकणं अन्याय आहे. हे आम्ही त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं आणि अशा वेळी कुणाकडे न्यायचं याची यादी दिली. आणि संध्याकाळी सहा ते दहा मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात कधी तरी दारूनं झिंगली होती. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे खेळ, संगीत, कला यांची सोय सगळ्यांसाठी केली, पालकांनी मुलांना जास्त वेळ दिला, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर वयानुसार मर्यादा आली. आणि पुन्हा पुन्हा मुलांनाच विचारून, त्यांची उत्तरं शाळांना आणि पालकांना परत दाखवून पुढचं ठरवलं. आमच्या गटानेही शाळेचं मैदान आणि एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, असा अर्ज दिला आहे. देखरेखीला पालकांच्या पाळ्या लावण्याचं वेळापत्रकही त्यांनीच जोडलंय. अर्ज देऊन पाच महिने झाले. उत्तर नाही. त्याच पाच महिन्यांत फलक धरून उभं राहायला मुलांना तीनदा बोलावणं आलं.

याचंच मला वाईट वाटतं. मुलांच्या अंगावर आपण टोप्या आणि फलक चढवतो, घोषणा आपण लिहून देतो, आणि त्यांनी स्वतः काही ठरवलं की त्यात गैरसमज दिसतात. त्यांच्याकडे वेळ आहे, एकमेकांपर्यंत पोचण्याची वाट आहे आणि शनिवारी रात्री नेमकं काय चालतं याची माहिती आहे, जी आपल्यापैकी एकाकडेही नाही.

पुढच्या बैठकीचा विषय त्यांनी ठरवून दिलाय: सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्या घेऊन, किंवा रात्रभर अभ्यास करून सकाळी गाडी चालवणं. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते, हे त्यांनी कुठेसं वाचलं आणि मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही रात्रपाळी संपवून घरी कशा जायचात?" मी स्वतः गाडी चालवत जायचे. हे त्यांना सांगायचं आहे, आणि माझ्या तेव्हाच्या सहकाऱ्यांनाही.

आपल्याकडे एकच विनंती आहे. 'प्रश्न उद्या सकाळी' हा कागद सोबत जोडला आहे. तो आपण छापावा. खाली तीन सह्यांची जागा आहे, मुलाची, पालकांची आणि त्या तिसऱ्या मोठ्या माणसाची. तिसरी जागा अक्षरं लहान करून घुसवू नये आणि पालकांचं शेवटचं कलम गाळू नये, असं मुलांनी बजावून सांगितलंय. कात्रीनं कापून, दोन घड्या घालून पाकिटात मावेल एवढाच आकार ठेवावा, हीसुद्धा त्यांचीच सूचना.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि शाळेचं नाव छापू नये, ही विनंती.)